गंगम्मा धुळाप्पाच्या रानात

सोलापूर जिल्ह्यात शिडाच्या होडीवर बिऱ्हाड थाटून राहिलेला पहिला माणूस मीच! दुसरा कुणी असेल तर त्याने खुशाल पुढे यावं, मी त्याला माझ्या हाताने कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढीन. ज्या गावात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, त्या गावच्या माणसाने होडी घ्यावी याचं लोकांना हसू येतं. येऊ दे. हसणाऱ्यांपैकी एकालाही पोहता येत नाही. मलाही येत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

माझं नाव चनबसप्पा. उभं आयुष्य कापडाच्या दुकानात काढलं आणि मागच्या दिवाळीत दुकान मुलाच्या, बसवेशच्या, हवाली करून घरी बसलो. घरी म्हणजे स्वयंपाकघरात. मोहरी तडतडायच्या आधी जिरं का घातलंस, भाकरी एवढी जाड का थापलीस, डब्यांवर नावं का लिहीत नाहीस, अशा बारीकसारीक सूचना मी प्रेमाने करत असे. आमच्या मंडळींनी, म्हणजे दानेश्वरीने, महिनाभर ऐकून घेतलं. मग एके दिवशी लाटणं बाजूला ठेवून अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही कुठंतरी राहायला जा की."

दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. मी होडी घेतली.

मोबाइलवर एक परदेशी जोडपं होडीवर राहतं, त्यांचे व्हिडिओ मी रोज बघायचो. सकाळी उठून पाण्यात पाय सोडून दोघं कॉफी पितात. भांडत नाहीत. एकमेकांच्या फोडणीत नाक खुपसत नाहीत. मी कोकणातून एक जुनी शिडाची होडी मिळवली. आत झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, डोकं आपटायला भरपूर जागा. जेऊरच्या पुढे उजनी धरणाचं पाणी पसरलंय तिथे ती नेऊन सोडायची होती, पण आधी दानेश्वरीला दाखवावी म्हणून ट्रक सोलापुरात आणला. गल्लीतल्या पोरांना वाटलं मिरवणुकीचा देखावा आहे. एकाने तर ड्रायव्हरला डॉल्बी कुठं लावणार म्हणून विचारलं.

होडीला मी आईचं नाव दिलं, गंगम्मा. दानेश्वरीने हळद-कुंकू वाहिलं, नाव वाचलं आणि म्हणाली, "जन्मभर सासूबाईंच्या हाताखाली राहिले. आता त्यांच्या पोटात राहू व्हय?"

पण तिने एक अट घातली, आणि ती मी आनंदाने मान्य केली. मी दोन महिने एकट्याने होडीवर राहून दाखवायचं. मग ती येणार, पाण्यावर फिरणार, एक रात्र राहणार. आवडलं तर महिन्यातले पंधरा दिवस ती माझ्याबरोबर होडीवर. नाही आवडलं तर होडी विकायची, आणि वर पुन्हा कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

खरं सांगतो, मला होडीपेक्षा ते पंधरा दिवस हवे होते. दुकानाचं शटर ओढून घरी येईपर्यंत बायको पेंगुळलेली असायची. संसार झाला, पण निवांत गप्पा अशा झाल्याच नाहीत. भर पाण्यात ती उठून आत कुठे जाणार होती? शिवाय तिथे दुसरं स्वयंपाकघर नव्हतं.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही. वादळ, आग, भोक, चोर, साप, प्रत्येकाचा बंदोबस्त केला. नारिंगी रंगाची दोन लाइफ जॅकेटं आणली. त्यातलं एक दानेश्वरीकडे ठेवलं आणि बजावून सांगितलं, "धरणाकाठी गाडीतून उतरलीस की आधी हे घालायचं. पट्टे आवळून. त्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही."

पहिला महिना झकास गेला. मी काठापासून बराच आत नांगर टाकला, आणि तो असा काही धरून बसला की वारा सुटो नाहीतर लाटा येवोत, गंगम्मा जागची हलली नाही. नांगर टाकायची माझी पद्धतच तशी आहे, असं मी फोनवर बसवेशला सविस्तर समजावून सांगितलं. पहाटे धुक्यात रोहित पक्षी उतरायचे. मी पाण्यात पाय सोडून चहा प्यायचो आणि त्यांचे फोटो घरी पाठवायचो. दानेश्वरी त्याला उत्तर म्हणून चपातीचा फोटो पाठवायची.

हवा थोडी तापायला लागली तसा तिच्या फोनमध्ये मात्र उत्साह दिसू लागला. "आज पाणी काय जोरात आलं म्हणून सांगू! टाकी भरली, पिंपं भरली, घागरी भरल्या. मागच्या उन्हाळ्यात कसले हाल झाले होते."

"वा, वा. भर," मी म्हणालो. आपली बायको सुखात आहे हे ऐकून मला आनंदच झाला.

त्याच सुमाराला काठ माझ्याकडे सरकायला लागला. आधी वाटलं, होडीच वाहत काठाकडे चाललीय. पण नांगर तर पक्का होता. मग मी तो विचार सोडून दिला, कारण काठ जवळ आल्याने माझी सोयच झाली होती. पूर्वी दूध आणायला छोट्या डोंगीतून जावं लागायचं. आता काठावरून हाक ऐकू यायची.

मग एके सकाळी मी फळीवरून थेट समोरच्या भिंतीवर पडलो. माझ्यामागून उशी आली, पातेलं आलं, आणि सगळ्यांत शेवटी शेंगाचटणीचा डबा आला, झाकण उघडून. डोळे चोळत, शिंकत, चार पायांवर बाहेर आलो. गंगम्मा एका कुशीवर कलली होती. तिच्याभोवती पाणी नव्हतं, चिखल होता. आणि चिखलात, काल जिथे मी पाय बुडवून चहा घेतला होता बरोबर तिथे, धोतर खोचून एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तुमी माझ्या रानात हाय," तो म्हणाला.

"रान कसलं? हे धरण आहे."

"ते पावसाळ्यात. आता रान हाय."

हे धुळाप्पा. धरण झालं तेव्हा त्यांच्या आज्याची जमीन पाण्याखाली गेली. दर साली पाणी उतरलं की ती वर येते, आणि घरची माणसं त्या ओल्या गाळात बी टाकून एक पीक काढतात. गाळपेर म्हणतात त्याला. मी दोन महिने ज्या पाण्याकडे डोळे लावून 'असंच राहू दे' म्हणत होतो, त्याच पाण्याकडे काठावरून धुळाप्पा 'कधी जातंय' म्हणून डोळे लावून बसले होते.

"पण पाणी गेलं कुठं?"

"सोलापूरला की. नदीत सोडलंय, प्यायला."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिथल्या तिथे दानेश्वरीला फोन लावला. नळाच्या धारेचा आवाज पलीकडून स्पष्ट येत होता.

"पाणी भरतेयस?"

"व्हय की. आज तर घंगाळंसुद्धा भरून ठेवलंय."

"बंद कर! आधी नळ बंद कर. ते माझ्या होडीखालचं पाणी आहे."

पलीकडे नळाची धार तशीच चालू राहिली.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळी काही खाल्लंत का?"

"खाण्याचा काय संबंध? तू इकडे हंडा भरलास की मी तिकडे बोटभर खाली जातो."

"बरं, बरं. नळ केला बंद. आता सावलीत बसा, डोक्यावर ओला पंचा घ्या. कुणाशी वाद घालू नका." मग रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा दबका आवाज आला, "बसवेश, तुझ्या अप्पांना ऊन लागलंय. रविवारी नको, उद्याच निघायचं."

माझ्या हातात एक दिवस उरला. त्यात गंगम्मा पाण्यावर जायला हवी होती, नाहीतर ते पंधरा दिवस गेलेच.

धुळाप्पांनाही त्यांचं रान मोकळं हवं होतं, त्यामुळे ते लगेच ट्रॅक्टर घेऊन आले. मी म्हणालो, "दोर लावा आणि पाण्याकडे ओढा."

"पाण्याकडं वडायचं तर ट्रॅक्टर कुटं हुबा करू? पाण्यात?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मागून लाकडाचा ओंडका लावून ढकलायचं ठरलं. ट्रॅक्टरने जोर लावला. गंगम्मा कुरकुरली, थोडी उचलली गेली आणि पुढे जायच्याऐवजी जागच्या जागी गरकन फिरली. तिचं तोंड आता जेऊर स्टेशनकडे झालं आणि ती दुसऱ्या कुशीवर कलली.

"नांगर काडला न्हाय व्हय?" धुळाप्पांनी विचारलं.

नांगर काढायचा राहिला होता. मी साखळी धरून जोर लावला. हलेना. धुळाप्पांनी जोर लावला. हलेना. मग ते साखळीच्या मागोमाग चिखल तुडवत गेले, एका जागी थांबले आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"मायाक्का! ये बग हिकडं. आपली हीर घावली!"

त्यांच्या पत्नी, मायाक्का, धावत आल्या. साखळीच्या ओढीने गाळ उकरला जाऊन चिखलात दगडांचं एक गोल कडं उघडं पडलं होतं. धुळाप्पांच्या आज्याने खणलेली विहीर. माझ्या नांगराची साखळी सरळ तिच्यात उतरली होती, आणि गाळाने विहीर वरपर्यंत बुजली होती. माझ्या पद्धतीचं एवढंच रहस्य होतं.

"दगडी काम हाय, मालक," धुळाप्पा अभिमानाने म्हणाले. "त्यात अडाकलं ते निगायचं न्हाय."

साखळी होडीच्या बाजूने सोडवेपर्यंत ट्रॅक्टरचं मागचं चाक चिखलात निम्मं गेलं. ते काढायला दुसरा ट्रॅक्टर आला, तोही कडेला रुतून बसला. दोन्ही बाहेर निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पाणी आणखी दूर गेलं होतं.

"आता चिखुल वाळंपतूर थांबा," धुळाप्पा म्हणाले. "तवर मी बी टाकून घेतो. ओल हाय तवर टाकाया पायजे."

"मग निदान होडी सरळ तरी करून द्या. बायको येणार आहे."

"बगू की," ते म्हणाले आणि मक्याचं बी फोकायला लागले. माझ्या होडीला वळसा घालून त्यांनी अख्खं रान पेरलं. हातातलं मूठभर उरलं, ते त्यांनी होडीच्या पोटाखाली टाकलं.

संध्याकाळी बसवेशने फोटो मागितला. आईला धीर यावा म्हणून, म्हणाला. मी होडीच्या टोकावर बसलो, फोन होडीइतकाच तिरका धरला आणि मागे लांबवर दिसणारं पाणी येईल असा हसऱ्या चेहऱ्याचा फोटो काढला. होडी अगदी ताठ आली. मी खूश होऊन पाठवला.

लगेच फोन आला. "अप्पा, होडी सरळ आहे. पण तलाव तिरका का आहे?"

"वारा आहे," मी म्हणालो.

"आईला सांगू नका हे असलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोहोळला चहाला थांबलोय असा फोन आला तेव्हा मी पुन्हा धुळाप्पांच्या मागे लागलो. ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. बगू, म्हणाले. टेंभुर्णीहून फोन आला, तेव्हाही बगू म्हणाले. शेवटी मी आत जाऊन तिरक्या फळीवर स्वच्छ चादर अंथरली. ती घसरली. पुन्हा अंथरली, पुन्हा घसरली. मग मी तिच्यावर बसून राहिलो.

बाहेरून मायाक्काचा आवाज आला. "आवं मालक, ही बाई काय घालून आली? कंबरंचा पट्टा हाय व्हय?"

मी डोकं बाहेर काढलं. नुकत्याच पेरलेल्या रानातून, एका हाताने लुगड्याच्या निऱ्या उचलून, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं घेऊन, दानेश्वरी येत होती. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. सगळे पट्टे आवळलेले. शिट्टी गळ्यात. घामाने चेहरा लालबुंद झालेला. काठाला गाडीतून उतरल्यापासून पाणी लागेल, आता लागेल, म्हणत ती बिचारी भर उन्हात चालत आली होती. मागे बसवेश मान खाली घालून, खांदे हलवत.

ती होडीपाशी येऊन थांबली. गंगम्माकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चारी बाजूंना पाहिलं.

"पाणी कुठंय?"

"तू भरलंस," मी म्हणालो.

आता होडी गेली, पंधरा दिवस गेले, असं मनाशी म्हणत मी उभा राहिलो. तिने सावकाश एकेक पट्टा सोडला, जॅकेट काढलं, बांधावर टाकलं, त्यावर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. मायाक्का तिच्या शेजारी बसून हसायला लागल्या, का ते माहीत नसताना. इतक्या वर्षांत मी तिला असं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि थोडा रागही आला.

डोळे पुसून झाल्यावर ती धुळाप्पांना म्हणाली, "दादा, हे एवढं जरा सरळ करून देता का?"

"देतो की वैनी," म्हणत धुळाप्पा उठले. ट्रॅक्टरचा जॅक आला, बाभळीचे टेकू आले, दोन भाऊ आले. मी कालपासून हातापाया पडत होतो ते काम चहाचं आधण येईपर्यंत झालं. गंगम्मा नव्या नवरीसारखी ताठ उभी राहिली.

मायाक्कांनी शिडी आणून लावली. दानेश्वरी वर चढली, आत गेली आणि शेगडीपाशी बसली. मी म्हणालो, "ती शेगडी उजवीकडून पेटव, डावीकडून भडकते." तिने फक्त वळून पाहिलं. मी खाली उतरून धुळाप्पांजवळ जाऊन बसलो.

अट होती रात्र काढायची. तिने काढली. बसवेश धुळाप्पांच्या वस्तीवर झोपला. खिडकीतून वारा येत होता, दूर पाण्यावर पक्षी कलकलत होते, गाड्यांचे आवाज नाहीत, धूळ नाही. खरंच आम्ही खूप वेळ बोललो. ती अर्ध्यातून उठून आत गेली नाही. मला वाटलं, चनबसप्पा, जिंकलास.

सकाळी चहाचा कप हातात देत ती म्हणाली, "मला आवडलं हो."

"म्हणजे होडी विकायची नाही?"

"छे. विकायची कशाला? पाण्यात असती तर मला मळमळलं असतं. ही छान घट्ट बसलीय. मी राहते इथं पंधरा दिवस."

मी इतका खूश झालो की कप सांडला. "मग मी जाऊन तांदूळ, डाळ, तुझी औषधं, सगळं घेऊन येतो."

"बसवेश आणून देईल. तुम्ही घरी राहा."

"घरी? आणि तू एकटी?"

"एकटी कशी? मायाक्का आहे. उन्हाळ्याचं वाळवण करायचं ठरलंय आमचं. इथं धूळ नाही, माकडं नाहीत." मग तिने आवाज खाली आणला. "अहो, दोघंही इथं राहिलो तर पाणी कोण भरणार? बसवेश दुकानात असतो. परवा नळ येईल. आला की जातोय तासाभरात."

मी बसवेशच्या गाडीत बसलो. तेव्हापासून सोलापुरात आहे.

पंधरा दिवस केव्हाच होऊन गेले. धुळाप्पांचा मका होडीच्या कठड्याला लागलाय. मायाक्काच्या जावा, भावजया वस्तीवरून रोज दुपारी होडीवर येतात. मी मागच्या रविवारी न कळवता गेलो, तर माझं शीड, कोकणातून मुद्दाम शिवून आणलेलं पांढरंशुभ्र शीड, रानाच्या कडेला खडीवर अंथरलेलं होतं आणि त्यावर कुरडया वाळत होत्या. डोलकाठीवरून होडीच्या टोकापर्यंत दोर बांधून त्यावर शेवया टाकल्या होत्या. मला चहा मिळाला, पण उभ्यानेच, कारण दोन्ही फळ्यांवर सांडगे होते. दानेश्वरीने गाडीपर्यंत सोडायला येऊन माझ्या शर्टाचं बटण लावलं आणि तुम्ही वाळलात की हो म्हणाली, तेवढ्यावर मी घरी आलो.

पण मीही व्यापारी माणूस. मी वाट बघायचं ठरवलं. पाऊस आला की धरण भरणार, पाणी त्या रानात चढणार, गंगम्मा टेकूवरून उचलली जाणार आणि तरंगणार. तरंगणारी होडी दानेश्वरीला येते का चालवता? मायाक्काला येते? तेव्हा माझ्याशिवाय त्यांचं पान हलणार नाही, आणि मग ती आणि मी, भर पाण्यात, निवांत. या आशेवर मी हंडे भरतोय. परवा फोनवर न राहवून तिला हे सगळं बोलून दाखवलं.

"त्याची काळजी तुम्ही करू नका," ती म्हणाली. "धुळाप्पादादांनी सगळं ठरवलंय. मका निघाला की पहिल्या पावसाच्या आत होडी ट्रॅक्टरनं वरच्या माळावर ओढून ठेवणार. दोर नवे आणलेत त्यांनी."

"माळावर? अगं, का?"

"का म्हणजे? पाणी लागून खराब होईल की ती."

मी काहीतरी बोलणार होतो. पण तेवढ्यात नळ आला.